उसने गाणे आणि त्याचे देणे



गेल्या सणाच्या सुटीत आमचा नातू बेळगावहून घरी आला आणि त्याच्याबरोबर त्याचे संगीतही आले. रात्रीची रोझरी व जेवणखाण आटोपल्यावर तो ओटीवर बसून मोबाईलवर काही ऐकत होता. खाली ढोलांचा कडकडाट आणि वर कोणी तरुण झरझर शब्द ओततो आहे. ना आलाप, ना चाल. आजोबांच्या अधिकाराने मी विचारले, "अरे, हे गाणे की भांडण?" तो रागावला नाही. हसून म्हणाला, "आजोबा, मागे वाजतो आहे त्या ढोलाचे नाव ठाऊक आहे का तुम्हांला? त्याला 'आमेन' म्हणतात."

आमेन! क्षणापूर्वीच आम्ही सर्वांनी मिळून उच्चारलेला तो शब्द त्या गदारोळात कसा शिरला? त्या रात्री नातवाने जे सांगितले आणि पुढे कित्येक आठवडे मी स्वतः ऐकून व वाचून जे जमविले, ते आज वाचकांपुढे ठेवतो. ह्या वयात मी त्या संगीताचा शौकी झालो आहे, हेही कबूल करतो. कोणास हसावयाचे असेल त्याने खुशाल हसावे.

हिप-हॉप ह्या संगीताचा जन्म एका साध्या घरगुती गरजेतून झाला. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात जमैकाहून येऊन राहिलेले एक कुटुंब होते. मुलीला शाळेसाठी नवे कपडे हवे होते. म्हणून ११ ऑगस्ट १९७३ रोजी, सेजविक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, तिने थोडे प्रवेशशुल्क ठेवून नाचगाण्याची बैठक भरविली. तबकड्या वाजविण्यास तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह कॅम्पबेल बसला. पुढे जगाने त्याला डीजे कूल हर्क ह्या नावाने ओळखले.

त्याने एक गोष्ट हेरली होती. आपल्याकडे वरातीत बँडवाले अचानक थांबतात, केवळ ताशा कडकडत राहतो आणि नाचणाऱ्यांच्या अंगात वारे शिरते. तशी जागा पुष्कळ तबकड्यांतही असते. बाकीची वाद्ये गप्प होतात व काही क्षण नुसता ढोल वाजतो. हर्कने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरील ती जागा संपली की दुसरीवरील सुरू करावयाची आणि तोवर पहिली मागे फिरवून ठेवावयाची. अशा रीतीने काही क्षणांचा ढोल त्याने मिनिटेच्या मिनिटे चालविला. त्या ढोलावर कोणी शब्द म्हणू लागला, आणि रॅप आकाराला आले.

आता आमेनकडे वळू. 'लिलीज ऑफ द फील्ड' हा १९६३ सालचा चित्रपट. त्यात एक वाटसरू कामगार जोगिणींसाठी चॅपेल बांधतो आणि त्यांना 'आमेन' हे भक्तिगीत शिकवितो. पडद्यावर सिडनी पॉटिए गातात, पण आवाज जेस्टर हेअरस्टन ह्यांचा. ते गीत लोकप्रिय झाले. १९६९ मध्ये 'द विन्स्टन्स' ह्या वाद्यवृंदाने त्याच चालीवर 'आमेन, ब्रदर' हा वाद्यसंगीताचा तुकडा वाजविला. तबकडीच्या मुख्य बाजूवर 'कलर हिम फादर' हे गाणे होते, त्याला पुढे ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. 'आमेन, ब्रदर' केवळ मागची बाजू भरून काढण्यासाठी होता. त्याच्या मध्यावर इतर वाद्ये थांबतात आणि ढोलवादक ग्रेगरी कोलमन चार आवर्तने एकटा वाजवितो. सारे मिळून सहा-सात सेकंद.

ते सहा-सात सेकंद आज जगातील सर्वांत अधिक उसनवारी झालेले संगीत म्हणून ओळखले जातात. १९८० नंतर ध्वनीचा तुकडा उचलून पुन्हा पुन्हा वाजविणारी यंत्रे आली. अमेरिकेतील रॅपवाल्यांनी तो ढोल उचलला, १९९० नंतर इंग्लंडमधील तरुणांनी त्यावर नृत्यसंगीताचा एक नवा प्रकारच उभारला. हजारो गाण्यांत तो वाजला आणि आजही वाजतो.

आणि कोलमन? त्याला त्याबद्दल छदामही मिळाला नाही. २००६ साली अटलांटा शहरात तो निवारा हरपलेल्या स्थितीत वारला. आपल्या हातांचे ते काही सेकंद साऱ्या जगात घुमत आहेत, हे त्याला बहुधा कळलेही नसावे. वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर ह्यांना ही गोष्ट १९९६ साली कळली, तोवर दाद मागण्याची कायद्याची मुदत उलटून गेली होती.

हे ऐकून मी नातवाला म्हणालो, "म्हणजे तुमचे हे संगीत चोरीचेच की!" त्यावर त्याने मला निरुत्तर केले. "आजोबा, दुसऱ्याचे गाणे गाणे ही चोरी असेल, तर चर्चमधला आपला गायकवृंद दर रविवारी काय करतो?"

त्याचे म्हणणे खरे होते. दुसऱ्याचे गाणे आपल्या आवाजात नव्याने गाण्यास तिकडे 'कव्हर' म्हणतात, आणि कधी कधी असे उसने गाणे मुळाहून मोठे होते. 'रिस्पेक्ट' हे गाणे ओटिस रेडिंग ह्यांनी १९६५ साली रचून गायिले. घरी परतणारा पुरुष त्यात बायकोकडे मान मागतो. १९६७ साली अरीथा फ्रँकलिन ह्या धर्मोपदेशकाच्या कन्येने तेच गाणे गायिले. मान मागणारी आता स्त्री झाली आणि गाण्याचा अर्थच पालटला. दुसरे उदाहरण 'हर्ट' ह्या गीताचे. ट्रेंट रेझनर ह्या रॉक गायकाने १९९४ साली ते तरुण माणसाच्या निराशेतून लिहिले. २००२ साली सत्तर वर्षांच्या, आजाराने खंगलेल्या जॉनी कॅश ह्यांनी ते गायिले. मूळ गीतातील एक ओंगळ शब्द काढून त्यांनी तेथे काट्यांचा मुकुट आणला. तरुणाची निराशा म्हाताऱ्याचा पश्चात्ताप झाली. हे गाणे आता आपले राहिले नाही, असे रेझनर ह्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले. पुढच्याच वर्षी कॅश निवर्तले.

तेव्हा उसने घेणे हा दोष नव्हे. आपल्या आयाबाया शेजारणीकडून विरजण आणतात, त्याने शेजारणीचे दही काही कमी होत नाही. मात्र विरजण कोणाकडून आणले हे त्या विसरत नाहीत. प्रश्न आठवणीचा आणि देण्याचा आहे. कव्हरमध्ये निदान रचनाकाराला त्याचे देणे पोहोचते. पण वाजविणारा हात आणि गाणारा गळा तेथेही पुष्कळदा उपाशीच राहतो. अमेरिकेतील नभोवाणीवर 'रिस्पेक्ट' वाजले की मानधन रचनाकाराच्या वाट्याला जाई, ज्या अरीथांच्या आवाजासाठी लोक ते ऐकत त्यांना काही मिळत नसे.

मग हे देणे फेडावे कोणी? येथे मला रसिक आठवतात.

सिस्टर रोझेटा थार्प ही आर्कान्सामध्ये १९१५ साली जन्मलेली गायिका. आईबरोबर प्रार्थनासभांतून गात ती वाढली आणि पुढे विजेच्या गिटारवर भक्तिगीते वाजवू लागली. रॉक संगीताचे नाव रूढ होण्यापूर्वीच तिच्या बोटांत रॉक होते. जॉनी कॅश ह्यांची ती आवडती गायिका. १९६४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर तिचा कार्यक्रम झाला. एका फलाटावर श्रोते, समोरच्या फलाटावर कलावंत आणि मध्ये रूळ. ऐन वेळी पाऊस आला. तिने ठरविलेले गाणे बाजूला ठेवले, जलप्रलयाचे एक जुने भक्तिगीत धरले आणि अंगात कोट घालून, गळ्यात गिटार अडकवून ती गाऊ लागली. त्याचे चित्रण आजही पाहावयास मिळते. मी ते पाहिले आणि प्रत्यक्ष मैफिलीसाठी तरुण मुले कोसकोस का जातात, ते मला उमगले. तबकडीला पाऊस दिसत नाही.

हीच रोझेटा १९७३ साली फिलाडेल्फियात वारली, आणि तीस वर्षांहून अधिक काळ तिच्या थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता. शेवटी २००८ साली चाहत्यांनी तिच्या स्मरणार्थ एक संगीताचा कार्यक्रम केला आणि त्यातून जमलेल्या पैशांतून तो दगड बसविला. तिच्या गाण्याचे देणे गाण्यानेच फिटले. तसेच २०१५ साली इंग्लंडमधील आमेनच्या चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४,००० पौंड रिचर्ड स्पेन्सर ह्यांच्या हाती ठेवले. कायद्याने जे देणे बुडाले होते, ते रसिकांनी आपले मानले. कोलमनसाठी मात्र फार उशीर झाला होता.

वाचकहो, हे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. आपल्या गोव्यातील चर्चच्या शाळांतून व्हायोलिन व स्वरलेखन शिकलेली कितीतरी मुले मुंबईला गेली आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. संगीतकाराच्या चालीला वाद्यांचा साज चढवावयाचा तो त्यांनी, आणि पडद्यावरील नामावळीत बहुधा त्यांचे नाव नसावयाचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्वीस त्यांतलेच एक. त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनी १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील एका गाण्यात त्यांचे नाव गोवून गुरूचे ऋण मानले. ते गाणे साऱ्या देशाने गुणगुणले, पण हा अँथनी गोन्साल्वीस खरोखरीचा माणूस होता, हे किती जणांस ठाऊक होते?

नातू परत जाण्याच्या आदल्या रात्री आम्ही दोघांनी एक काम केले. माझ्या जुन्या गीतांच्या वहीत चाली आहेत, शब्द आहेत, परंतु कोणाचीच नावे नाहीत. जी ठाऊक होती ती गीतांखाली लिहिली, ठाऊक नव्हती तेथे जागा मोकळी ठेवली. त्या मोकळ्या जागा पाहून मला लाज वाटली. चाळीस वर्षे मी ती गाणी फुकट गात होतो.

शेवटच्या पानावर नातवाने आपल्या हस्ताक्षरात एक नाव लिहिले: ग्रेगरी कोलमन, ढोलवादक. मी त्याला अडविले नाही. त्या रात्रीच्या रोझरीनंतर मृतांसाठी प्रार्थना करताना ते नाव घेतले, आणि सर्वांनी मिळून आमेन म्हटले.