डुलकीपुरती तरी जागा द्या

गाडीत झोपणे हा आपल्याकडे एक तर चेष्टेचा विषय असतो, नाही तर संशयाचा. काचेवर टकटक करून चौकशी करणारा हवालदार असतो, 'जेवण झालं असेल तर गाडी काढा' म्हणणारा ढाबेवाला असतो आणि घरी पोचल्यावर 'लॉजचे पैसे वाचवले वाटतं' असे विचारणारे नातेवाईकही असतात. बुलढाणा जिल्ह्याला मात्र ही चेष्टा परवडणारी नाही. ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजावरून जातो आणि रात्रीचे जेवण उरकून नागपूर सोडलेली गाडी इथे पोचते ती नेमकी मध्यरात्र उलटल्यावर. १ जुलै २०२३ रोजी रात्री दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा शिवारात उलटून पेटली आणि २५ जण दगावले. टायर फुटल्याचे चालकाने सांगितले, परिवहन विभागाच्या प्राथमिक अहवालात त्याला दुजोरा मिळाला नाही. तो अपघात झोपेमुळेच झाला असा निकाल इथे द्यायचा नाही. पण अंगातले घड्याळ मध्यरात्रीनंतर माणसाला झोपेकडे ओढते, वळणे नसलेला सरळ काँक्रीटचा रस्ता त्यात भर घालतो आणि चहा, गाणी, उघडी काच यांनी ती झोप फार तर थोडी पुढे ढकलली जाते, हे वादापलीकडचे आहे. झोपेवर उपाय एकच, आणि तो म्हणजे झोप.

कायद्याला हे कधीच कळले आहे. मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ चा. सलग पाच तासांच्या कामानंतर चालकाला किमान अर्धा तास विश्रांती द्यावी, असे त्यात म्हटले होते. ही विश्रांती घ्यायची कुठे, एवढेच कोणी ठरवले नाही. महामार्गाच्या कडेला गाडी लावून पडणे म्हणजे मागून ताशी १२० किलोमीटरने येणाऱ्यासाठी अडथळा होऊन बसणे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, ते चांगलेच झाले. पण त्यातली गाडी म्हणजे स्वयंपाकघर आणि शौचालय घेऊन फिरणारे घर. मागची सीट आडवी करून, काचांना टॉवेल अडकवून, शेगाव-लोणार करून परतणारे चौघांचे कुटुंब किंवा पिकअपच्या केबिनमध्ये पाय दुमडून पडलेला ड्रायव्हर त्या धोरणात कुठेच बसत नाही. त्यांना लागते ते फार थोडे : उजेड, स्वच्छ शौचालय, पाण्याचा नळ आणि एक जागता चौकीदार. जपानमध्ये १९९३ पासून रस्त्याकडेची अशी थांबे-केंद्रे सुरू झाली, आज ती हजाराच्या वर आहेत. तिथले वाहनतळ आणि शौचालये चोवीस तास खुली आणि फुकट असतात. थकवा घालवायला झोपा, पण तंबू ठोकून मुक्काम करू नका, असा तिथला साधा भेद आहे. आपणही तो उचलावा.

आक्षेप आहेतच, आणि सगळे पोकळ नाहीत. लोणारचा सर्वांत खरा. तिथले विवर अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर पाणथळ क्षेत्रही आहे. त्याच्या काठावर रात्रभर गाड्या, चुली, प्लॅस्टिक आणि मोठ्याने लावलेली गाणी नकोतच. उलट गावाच्या बाजूला ठरलेली जागा नसते, म्हणूनच लोक काठाशी गाडी लावतात. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा अभयारण्यांनाही हाच न्याय : वनहद्दीत रात्रीचा थांबा नाही म्हणजे नाही. दुसरा आक्षेप लॉजवाल्यांचा. रात्री दोनला तीन तास डोळा लावायचा असलेला माणूस दिवसभराचे भाडे भरून खोली घेत नसतो. तो तसाच पुढे जातो, आणि धोका तिथेच आहे. तिसरा सुरक्षिततेचा. बायामाणसे सोबत असतील तर अंधारात थांबणे जोखमीचे, हे मान्य. पण तो युक्तिवाद राखण असलेल्या जागेच्या बाजूचा आहे, विरुद्धचा नाही. खरा धोका कधीकधी गाडीच्या आतच असतो. इंजिन आणि एसी चालू ठेवून बंद काचांत झोपले तर गळक्या सायलेन्सरमधून कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला ना रंग ना वास, आणि तो रक्तातला प्राणवायू हिरावतो. डासांची कॉइल बंद गाडीत पेटवणे हाही तसलाच प्रकार. इंजिन बंद, दोन बोटे काच खाली, हे त्या जागेच्या फाटकावरच मोठ्या अक्षरांत लिहिता येईल.

ही काही परदेशी चैन नव्हे. जत्रेला बैलगाडीने जाणारे वऱ्हाडी कुटुंब गाडीखालीच रात्र काढत असे आणि गावोगावच्या यात्रांत गाडीतळाची जागा ठरलेली असे. बैल गेले, गाडीतळही गेला. गर्दी कशी सांभाळावी हे तर शेगाव संस्थानच्या भक्तनिवासांनी स्वस्तात आणि शिस्तीत दाखवून दिलेच आहे. शिकायला दुसरा जिल्हा शोधावा लागत नाही. १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीसाठी सिंदखेडराजात राज्यभरातून लोक येतात, त्यातले कितीतरी रात्रीचा प्रवास करून. जिल्हा प्रशासनाने आणि रस्ते विकास महामंडळाने त्याआधी मेहकर आणि सिंदखेडराजाच्या इंटरचेंजलगत एकेक राखणदार असलेला रात्रीचा वाहनतळ सुरू करावा. पन्नास रुपये पावती घेतली तरी लोक आनंदाने देतील.