खंजिरी शेकायची की फेकायची?

गेल्या श्रावणात आमच्या बोरगावात भजन मंडळाची बैठक झाली. विषय साधा होता. मंडळाच्या पेटीचा भाता फाटला आहे आणि दोन खंजिऱ्यांची कातडी ढिली पडली आहेत. त्या दुरुस्त कराव्यात, की त्याच पैशांत थोडी भर घालून कीबोर्ड आणावा? तरुण मंडळींचे म्हणणे असे की आता मोबाइलमध्ये आणि लॅपटॉपमध्ये सगळी वाद्ये मिळतात, हुबेहूब मिळतात, मग हा खटाटोप कशाला? वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की यंत्राला जीव नसतो, त्यातून निघते ती नक्कल, आणि देवापुढे नक्कल चालायची नाही. दोन्हीकडचा आवाज चढला तेव्हा कोणीतरी माझे नाव घेतले, कारण मी एके काळी ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवत होतो. मी माझे मत सांगितले आणि दोन्ही पक्षांना नाराज करून घरी आलो. ते मत पाच मिनिटांत सांगण्याजोगे नव्हते. म्हणून ते इथे सविस्तर मांडतो. वाचकांनी रागवायचे असेल तर शेवटपर्यंत वाचून मग रागवावे.

आधी माझी साक्ष काय लायकीची आहे ते सांगतो. सौंसर, पांढुर्णा, काटोल, वरूड, मुलताई या पट्ट्यात गणपती-नवरात्रात आमचा ऑर्केस्ट्रा फिरत असे. एकाच रात्री लावणीही व्हायची आणि हिंदी सिनेमाची गाणीही, कारण समोरचे श्रोते दोन्ही भाषांचे. माझ्यापुढे एक जपानी सिंथेसायझर होता, मुंबईहून जुना घेतलेला, अ‍ॅनालॉग जातीचा. अ‍ॅनालॉग म्हणजे त्यातला आवाज प्रत्यक्ष विजेच्या कमी-जास्त होणाऱ्या दाबातून तयार व्हायचा. त्यात आकडेमोड नव्हती. हे यंत्र मोठे नखरेल. कार्यक्रमाच्या तासभर आधी सुरू करून तापवावे लागे. नाहीतर पहिल्या गाण्यात एक सूर आणि चौथ्या गाण्यात दुसरा. नवरात्रात मध्यरात्रीनंतर गारठा पडला की सूर पुन्हा सरकायचा आणि निवेदक विनोद सांगत असे तेवढ्या वेळात मी तो पुन्हा लावायचो.

ते यंत्र आजही माझ्या घरी आहे. बैठकीनंतरच्या रविवारी भाचा लॅपटॉप घेऊन आला. त्यात त्याच यंत्राची सॉफ्टवेअरमधली प्रतिकृती होती. दोन्ही एकाच स्पीकरला जोडली, मला पाठ करून बसवले आणि एकच सुरावट दहा वेळा वाजवली, कधी यातून, कधी त्यातून.

"सांगा मामाजी, जुना कोनता आन् नवा कोनता?"

मी छातीठोकपणे दहा उत्तरे दिली. त्यातली सहा बरोबर निघाली.

"साहा! मामाजी, हे तं छापा-काटा करूनबी झालं असतं!"

पोरगा खरे बोलला. ज्या यंत्रावर मी पंधरा वर्षे बोटे झिजवली, त्याचा आवाज मला नकलेपासून वेगळा काढता आला नाही. तेव्हा वडीलधाऱ्यांना माझे पहिले सांगणे हे की 'नक्कल जमतच नाही' हा मुद्दा आता सोडून द्या. जमते. आणि ती सहज जमलेली नाही, फार कष्टाने जमली आहे.

कष्ट कसले, तेही समजून घ्या. संगणकात आवाज म्हणजे आकड्यांची रांग, सीडीच्या हिशेबाने सेकंदाला 44,100 आकडे. जुन्या सिंथेसायझरचा ऑसिलेटर करवतीच्या दात्यांसारखी धारदार लहर काढतो. ती धार या आकड्यांत बसवताना मोडते आणि मूळ स्वराशी नाते नसलेले खरखरीत स्वर मध्येच उगवतात. दुसरी अडचण फिल्टरची. रॉबर्ट मूग यांच्या 1970 च्या मिनीमूगमधला फिल्टर म्हणजे ट्रान्झिस्टरच्या जोड्यांची जणू शिडी. तिच्या वरच्या टोकाचा आवाज त्याच क्षणी पुन्हा खालच्या टोकाला दिला जातो. विजेला हे एकाच वेळी करता येते. संगणक मात्र एकामागून एक हिशेब करणारा. उत्तर निघण्याआधी तेच उत्तर हिशेबात कसे घालणार? शिवाय आवाज वाढला की ट्रान्झिस्टर किंचित वाकडा वागतो, आणि तो वाकडेपणाच कानाला गोड लागतो. हा वाकडेपणा गणितात कसा मांडायचा यावर विद्वानांनी वर्षानुवर्षे डोके खपवले. फिनलंडच्या अंटी हुओविलायनेन यांनी 2004 मध्ये त्या शिडीचे जे गणित मांडले, त्यावर पुढे कितीतरी सॉफ्टवेअर उभी राहिली.

आता 'जीव नसतो' या आक्षेपाकडे येतो. ज्या पेटीसाठी आमचे बुवा डोळ्यांत पाणी आणतात, त्या पेटीवर हाच आरोप झाला होता. हार्मोनियम हे 1840 च्या आसपास पॅरिसमध्ये घडलेले परदेशी वाद्य. त्याचे सूर ठोकून बसवलेले, त्यात मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून रेडिओने 1940 मध्ये त्याला दाराबाहेर केले, ते 1971 पर्यंत. तीस वर्षे रेडिओ ज्याला सुराचा शत्रू म्हणत होता, त्याच पेटीवर आपल्या आजोबांनी अभंग म्हटले. त्यांच्या भजनाला जीव नव्हता असे म्हणायची कोणाची छाती आहे? 1982 मध्ये मुंबईच्या चरणजितसिंग यांनी रोलँड कंपनीच्या तीन यंत्रांवर दहा राग वाजवून एक ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झाले. यंत्रात जीव वाजवणाऱ्याचा असतो. एवढे मान्य करा, म्हणजे मी दुसऱ्या पक्षाकडे वळायला मोकळा.

तरुण मित्रांनो, आता तुमची पाळी. 'सगळे हुबेहूब मिळते' असे तुम्ही म्हणता. यातला 'हुबेहूब' मी मान्य केला. 'सगळे' मान्य नाही.

चरणजितसिंगांच्या त्या तीन यंत्रांत टीआर-808 नावाचे तालाचे यंत्र होते. ते 1980 ते 1983 एवढीच वर्षे बनले. त्यातला खास चरचरीत आवाज सदोष ट्रान्झिस्टरमुळे येत असे. कंपनीने ते सदोष म्हणूनच घेतले होते. पुढे ट्रान्झिस्टर बनवण्याचे तंत्र सुधारले, तसला सदोष माल मिळेनासा झाला आणि यंत्र बंद पडले. पण त्या दोषाचीही लोकांनी मोजदाद केली, आणि 2014 मध्ये त्याच कंपनीने आकड्यांवर चालणारी त्याची प्रतिकृती बाजारात आणली. भाच्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तर आणखी कमाल आहे. त्यात एक नॉब असा आहे की तो फिरवला की जुने यंत्र तापल्यावर किंवा गारठल्यावर सूर जसा सरकत असे, तसा सरकतो. ज्या दोषापायी मी भर कार्यक्रमात घामाघूम व्हायचो, तो दोष आता गणित करून परत घातला जातो, आणि त्याला लोक मोल देतात!

मी भाच्याला म्हटले, "बरं. आता यात आपली खंजिरी काढून दाखव."

त्याने शोधले. भारतीय वाद्यांची यादी उघडली. तबला होता, तंबोरा होता, ढोलकी होती. बराच वेळ तो खाली-वर करत राहिला.

"मामाजी, खंजिरी तं नाई भेटून रायली. कंजिरा हाये. तो लावून देऊ का?"

कंजिरा हे दक्षिणेचे वाद्य. आकाराने लहान, पूर्वापार घोरपडीच्या कातड्याचे, झांजेची एखादी-दुसरी जोडी असलेले. चांगले वाद्य आहे, त्याचा मान मोठा आहे. पण ते आपले नव्हे. आपली खंजिरी मोठी, बकरीच्या कातड्याची, कड्यात झांजांच्या कितीतरी जोड्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) जिच्या तालावर गावेच्या गावे जागी केली ती ही खंजिरी. ते 1955 मध्ये जपानला विश्वधर्म परिषदेला गेले होते. ज्या जपानच्या एका यंत्राचा दोषसुद्धा मोजून जपला गेला, तिथवर जाऊन आलेल्या माणसाचे वाद्य आज माझ्या भाच्याच्या यादीत नाही.

आणि गंमत पाहा, खंजिरीही तापवावीच लागते. पावसाळ्यात, कार्तिकाच्या दवात कातडे सैलावते आणि आवाज बसतो. मग बुवा ती शेकोटीवर धरतात, बोटाने टिचकी मारून पाहतात, पुन्हा धरतात. जास्त शेकली तर कातडे फाटायची भीती, कमी शेकली तर ठोका पोकळ. भजन चालू असताना ती हळूहळू उतरते आणि दोन अभंगांच्या मध्ये पुन्हा शेकावी लागते. मी सिंथेसायझरचा सूर लावायचो, तोच हा उद्योग. फरक एवढाच की माझ्या यंत्राच्या तापण्या-निवण्याचा हिशेब कोणीतरी करून ठेवला आणि बुवांच्या खंजिरीचा कोणीही केला नाही.

माझे भांडण इथे आहे. सॉफ्टवेअर जुन्या आवाजाशी किती प्रामाणिक, असे सगळे विचारतात. ते कोणाच्या जुन्या आवाजाशी प्रामाणिक, असे कोणी विचारत नाही. ज्यांनी आपले वाद्य उघडून पाहिले, मोजले, लिहून ठेवले, त्यांचा दोषसुद्धा अमर झाला. ज्यांनी 'आपल्यात जीव आहे, तो मोजता येत नाही' म्हणत हात जोडले, त्यांचा गुणही यादीबाहेर राहिला. आणि ज्या पोराला आज नागपुरात किंवा पुण्यात लॅपटॉपवर गाणे बांधायचे आहे, त्याच्या बोटांखाली यादीतलेच वाद्य येणार. खंजिरीच्या जागी तो कंजिरा लावील, आणि वीस वर्षांनी त्याच्या पोराला तीच आपली खंजिरी वाटेल.

आपल्या सीमेवरच्या माणसांना हा अनुभव नवा नाही. 1956 मध्ये प्रांतांची फेररचना झाली, नागपूर राजधानी म्हणून गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी शाळेची आणि कचेरीची भाषा हिंदीच. आपली मराठी पुण्याला हिंदीमिश्रित वाटते आणि भोपाळला ती परकी. घरात आपण जे बोलतो, ते कुठल्या कोशात पुरते उतरले आहे? 'जवळचा शब्द लावून देऊ का' हे आपण भाषेच्या बाबतीत इतक्यांदा ऐकले आहे, की वाद्याच्या बाबतीत ऐकताना आता कोणाला काही टोचतही नाही. मला ते टोचले, म्हणून लिहिले.

कोणी म्हणेल, खरी खंजिरी हातात असताना नकलेची चिंता कशाला? पण ती हातात राहावी म्हणूनच तर ही चिंता. आमच्या मंडळात खंजिरी नीट शेकून वाजवणारे दोनच बुवा उरले आहेत आणि दोघेही सत्तरीच्या पुढचे. अर्धे गाव कारखान्यांच्या पाळीत बांधलेले. शिकायला येणार कोण, आणि कधी?

म्हणून माझे मागणे दोन्ही पक्षांकडे आहे. तरुणांनी लॅपटॉप फक्त दुसऱ्यांची वाद्ये वाजवायला वापरू नये. या कार्तिकात काकडा चालू असताना पहाटे मंदिरात जावे आणि बुवांची खंजिरी ध्वनिमुद्रित करावी. गर्दीतले भजन नको, एकेक ठोका घ्यावा: हलका, मध्यम, जोराचा. कातड्याच्या मधोमध, कडेला, बोटाने दाबून, नुसत्या झांजा हलवून. शेकण्याआधी आणि शेकल्यावर. फाईल दाबून लहान करू नये. प्रत्येक ठोक्याला बुवा जे नाव देतात तेच लिहावे, हिंदी-इंग्रजी प्रतिशब्द शोधू नये. मंदिरातला आवाज वेगळा घ्यावा, उघड्या अंगणातला वेगळा. पेटीचेही असेच करावे, भात्याच्या श्वासासकट. आणि वडीलधाऱ्यांनी 'देवाच्या वाद्याला मशीन लावू नका' म्हणून हात आखडता घेऊ नये. पोरांना शेजारी बसवून सगळे वाजवून दाखवावे.

बैठकीत मी हेच बोललो, तेव्हा एक बुवा म्हणाले, "तू तं मशिनीचाच मानूस." आणि एक पोरगा म्हणाला, "काकाजी जुन्या जमान्यात अटकून पडले." दोन्ही पदव्या मी घेतल्या आहेत.

मंडळाचा निर्णय कोजागिरीवर ढकलला आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर तो झालेला असेल. कीबोर्ड आणायचा ठरला असेल तर जरूर आणावा, हात चालतात तोवर मी वाजवीन. पण एक भाता आणि दोन कातडी यांचा खर्च कीबोर्डच्या मानाने थोडका आहे. तो आधी करावा. खंजिरी नीट चढली, शेकली, की भाचा ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन यायला तयार आहे. त्याने मला तसा शब्द दिला आहे.