परीक्षा कोणाची?

चाळीस मुलांच्या वर्गात दोन नापास झाली, तर मी त्या मुलांना बोलावतो. अडतीस झाली, तर मीच काढलेली प्रश्नपत्रिका कपाटातून काढून पुन्हा वाचतो. एवढे शहाणपण यायला मॅट्रिकच्या पुढे जावे लागत नाही. मी गेलेलो नाही. परंतु मोबाइलवरचे अर्ज आखणाऱ्या विद्वानांच्या हिशेबात नापास होतो तो नेहमी अर्जदारच. या हिशेबाविरुद्ध माझी तक्रार आहे.

गेल्या पावसाळ्यात कंधारला आमच्या शेजारचे मामा असाच एक अर्ज घेऊन ओट्यावर आले. "गुर्जी, हे काय म्हणू लालंय बगा." पडद्यावर लाल अक्षरांत 'अवैध नोंद' असे होते. मामांनी गट नंबर देवनागरी आकड्यांत लिहिला होता आणि यंत्राला तो इंग्रजीत हवा होता. मराठी अर्जाला मराठी आकडा चालू नये! बरे, तसे त्याने सांगावे, तर तेही नाही. हे कोडे मला उलगडेपर्यंत वेळ संपला आणि भरलेले सारे पुसले गेले. दुसऱ्या दिवशी मामांनी बाजारातल्या एका पोराला पन्नास रुपये देऊन अर्ज भरून घेतला. आता त्या खात्याच्या कागदावर मामा 'यशस्वी अर्जदार' आहेत. बुडालेला दिवस आणि पन्नास रुपये कुठल्याच रकान्यात नाहीत. "इतके लाख अर्ज आले" अशी जी दवंडी पिटली जाते, तिच्यात असे मामा किती असतील?

मोजायचे कसे, हे जगाला ठाऊक नाही असे नाही. आयएसओच्या ९२४१ क्रमांकाच्या मानकाचा अकरावा भाग १९९८ साली निघाला आणि २०१८ मध्ये सुधारला गेला. त्याची विचारणा तीन गोष्टींची: काम पुरे व बिनचूक झाले का, त्याला वेळ नि श्रम किती पडले, आणि माणूस समाधानाने उठला का. शिवाय हे सारे कोणत्या माणसासाठी, कोणत्या परिस्थितीत, तेही आधी सांगा म्हणते. जेकब नील्सन यांनी तर २००० साली लिहिले, की पाच माणसांना काम देऊन नुसते पाहत बसलात तरी बहुतेक दोष उघडे पडतात. ते दुरुस्त करा आणि पुन्हा पाच बसवा. पाच! आमच्या ओट्यावर संध्याकाळी याहून जास्त माणसे बसतात. मात्र ते पाच कोण, हा खरा प्रश्न. पुण्याच्या गार खोलीतले पाच पदवीधर, की मन्याडकाठी भर उन्हात तडकलेल्या काचेचा फोन चिखलाच्या बोटांनी धरणारी पाच माणसे? आणि परीक्षकाने तोंडाला कुलूप लावायचे. "इथे दाबा, काका" म्हटले की परीक्षा बाद. वर्गात आम्ही त्याला कॉपी म्हणतो.

ई-पीक पाहणीचेच पाहा. पूर्वी ते तलाठ्याचे काम. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने आपले पीक आपणच मोबाइलवर फोटोसह नोंदवायचे ठरले. कल्पना चांगलीच. २०२२ च्या नव्या आवृत्तीत ४८ तासांच्या आत आपली नोंद एकदा आपणच दुरुस्त करण्याची सोय आली. माणूस चुकणार हे ज्याने ओळखले, त्याला मी मनापासून शाबासकी देतो. पण सोयाबीनच्या जागी बोट कापसावर पडू शकते, हे ओळखायला पहिला हंगाम का जावा लागावा? एका बांधावरची एक दुपार पुरली असती.

"लोक अडाणी आहेत, शिकतील हळूहळू" हे उत्तर मला ऐकवू नका. २००० साली अमेरिकेत, फ्लोरिडाच्या पाम बीच परगण्यात, म्हाताऱ्या मतदारांना अक्षर मोठे दिसावे या सद्‌हेतूने उमेदवारांची नावे समोरासमोरच्या दोन पानांवर मांडली आणि भोके मध्ये ठेवली. १९ हजारांवर मतपत्रिकांवर अध्यक्षपदासाठी एकाहून अधिक भोके पडली. त्या राज्याचा निकाल लागला ५३७ मतांनी. ते मतदार अडाणी होते काय? उलट आमच्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर चिन्ह लावले. चिन्ह ओळखायचे, कागद आत टाकायचा. आधी साक्षर होऊन या, असे कोणी म्हटले नाही.

मामांनी पुढच्या अर्जासाठी पन्नास रुपये दिवाळीच्या खर्चातून आताच बाजूला काढून ठेवले आहेत.