‘सर्वानुमते मंजूर’ : नागपूर महानगरपालिकेच्या सभागृहास खुले पत्र

सन्माननीय नागपूर महानगरपालिका सभागृहास,



हे पत्र महापौरांच्या नावे लिहावे, सत्तापक्ष नेत्यांच्या नावे लिहावे, की विरोधी पक्षनेत्यांच्या, या विचारात माझे दोन दिवस गेले. अखेरीस ते कोणा एकाच्या नावे न लिहिता आपणा १५१ सदस्यांच्या सभागृहासच उद्देशून लिहावे असे ठरविले, कारण मला जे सांगावयाचे आहे ते व्यक्तींविषयी नसून सभेत उच्चारल्या जाणाऱ्या आणि पुढे इतिवृत्तात कायमच्या उतरणाऱ्या दोन शब्दांविषयी आहे. ते शब्द म्हणजे ‘सर्वानुमते मंजूर’.

१५ जानेवारी २०२६ रोजी आम्ही नागपूरकरांनी महानगरपालिकेसाठी मतदान केले, ते जवळजवळ नऊ वर्षांनी. त्यापूर्वीचे मतदान २१ फेब्रुवारी २०१७ चे. त्या सभागृहाची मुदत ४ मार्च २०२२ रोजी संपली, आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद न्यायालयात चालू असल्यामुळे दुसऱ्या दिवसापासून जो प्रशासकाचा अंमल सुरू झाला तो, सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याविषयी निक्षून सांगितल्यानंतरही, आणखी काही महिने चाललाच. मुदत संपण्यापूर्वी नवे सभागृह निवडले गेले पाहिजे, असे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानातच लिहून ठेवले आहे; तरी हे घडले. या अवधीत आयुक्त हेच प्रशासक होते. म्हणजे प्रस्ताव तयार करणारे खाते त्यांचे, त्यावर शिफारशीचा शेरा मारणारी लेखणी त्यांची, तो ज्या स्थायी समितीपुढे जावयाचा ती समितीही तेच आणि जिने शेवटी त्यावर मोहोर उमटवावयाची ती सर्वसाधारण सभाही तेच. ‘सर्वानुमते’ हा शब्द या शहराच्या इतिहासात तितका अक्षरशः खरा पूर्वी क्वचितच ठरला असेल. मी हे प्रशासकांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. अधिकारी नेमून दिलेले काम करीत होते. परंतु एकट्या माणसाला स्वतःशी मतभेद नोंदविता येत नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

त्या काळातली एक पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. २३ सप्टेंबर २०२३ ची. रात्रीच्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव सांडव्यावरून ओसंडला, आणि ज्या नाग नदीच्या नावावरून या शहराला नाव मिळाले, पण एरवी जिला आपण नाल्याहून अधिक मान देत नाही, ती अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट या वस्त्यांतून घराघरांत शिरली. कॉर्पोरेशन कॉलनीतही पाणी शिरले. कॉर्पोरेशनचे नाव मिरविणाऱ्या वस्तीला त्या दिवशी कॉर्पोरेशनचा एकही निवडलेला सभासद नव्हता, हा योग कोणा विनोदी लेखकाने जुळविला असता तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता. नगरसेवक असते तर पूर टळला असता असे मी म्हणत नाही. सांडव्यासमोरील स्वामी विवेकानंद स्मारकाची जागा योग्य होती की अयोग्य, याची चर्चा पुढे उच्च न्यायालयात झाली, ते उचितच झाले. मात्र अशी एखादी जागा नक्की होत असताना ‘येथे नको’ असे कोणी म्हटले होते काय, म्हटले असल्यास कोणी, आणि त्याला काय उत्तर मिळाले, हे जाणून घेण्यासाठी नागरिकाला न्यायालयाची पायरी चढावी लागू नये. इतिवृत्त उघडताच ते दिसावे. ‘सर्वानुमते’ या शब्दाच्या पोटात हे तिन्ही प्रश्न गडप होतात.

माझ्या तारुण्यात एका गावच्या नगरपालिकेची सभा प्रेक्षकांच्या बाकावर बसून मी पाहिली होती. त्या गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दुपारी सुरू झालेल्या त्या सभेचे पहिले दोन तास एका चौकाला कोणाचे नाव द्यावे या वादात गेले. वादात आवेश होता, वक्तृत्व होते, एकाने तर डोळ्यांत पाणी आणले. मग चहा आला. चहानंतर लिपिकाने विषयपत्रिका उचलली आणि विषयांचे केवळ क्रमांक वाचावयास आरंभ केला. प्रत्येक क्रमांकामागे पुढच्या बाकांवरून ‘मंजूर’ असा सूर निघे, आणि लवकरच क्रमांक व सूर यांची अशी लय जमली की भजनात टाळ वाजावा तसा तो शब्द वाजू लागला. मागच्या बाकावरचे एक वृद्ध सभासद कापडी पिशवीतून चष्मा काढीत होते. तो नाकावर बसवून, घडी घातलेला कागद उलगडून ते उभे राहिले आणि म्हणाले, “अध्यक्ष महाराज, सतरा क्रमांकावर मला दोन शब्द बोलायचे आहेत.” तोवर लिपिक एकतिसाव्यावर पोहोचला होता. अध्यक्ष हसून म्हणाले, “काका, गाडी गेली.” सभागृहही हसले, काकाही हसले, आणि कागदाची घडी पुन्हा पिशवीत गेली. पुढे काही कामानिमित्त त्या सभेचे इतिवृत्त माझ्या पाहण्यात आले. विषय क्रमांक सतरापुढे सुवाच्य अक्षरात लिहिले होते : सर्वानुमते मंजूर. त्या कागदावर काय होते ते मला कधीच कळले नाही, आणि आता कळण्याचा मार्गही उरलेला नाही.

या दोन शब्दांची जोडी तशी मोठी गमतीची आहे. ‘सर्वानुमते’ संस्कृतातून आलेला, ‘मंजूर’ अरबीतून फारसी दफ्तरांच्या वाटेने आलेला. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशाने राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले खरे, परंतु तहकूब, बरखास्त, हजेरी, दफ्तर हे शब्द सभांमधून काही हलले नाहीत, आणि त्यांच्यावाचून आपली एक सभाही पार पडावयाची नाही. नागपुरात तर या फारसी वारशाचा दाखला एका आडनावातच आहे. भोसल्यांच्या दरबारी चिटणिशी करणाऱ्या घराण्यातले सर गंगाधरराव चिटणवीस पुढे १८६४ साली स्थापन झालेल्या नागपूर नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. ज्यांच्या आडनावातच लिहून ठेवण्याचे काम आहे अशा माणसाने या शहराच्या सभेचे अध्यक्षपद भूषवावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पुढे १९५१ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि बॅरिस्टर शेषराव वानखेडे पहिले महापौर झाले. तेच पुढे महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्षही झाले. सभा चालविणे ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि ती या गावाला परकी नाही.

आपल्यापैकी कोणी म्हणतील की बहुमत स्पष्ट असताना मतविभाजन घेऊन साधणार काय? २०१७ च्या सभागृहात १५१ पैकी १०८ सदस्य एकाच पक्षाचे होते. हात मोजण्यापूर्वीच निकाल ठाऊक असे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. निकाल ज्या सभेत अनिश्चित असतो तेथे मतमोजणी आपोआप होते. जेथे तो आधीच ठरलेला असतो तेथेच अल्पमताची नोंद मुद्दाम करावी लागते, कारण एरवी त्याचा मागमूस राहत नाही. आणि नोंद केवळ विरोधकांचीच नव्हे. सत्तापक्षातील ज्या सदस्याने आपल्या प्रभागाच्या हितासाठी एखाद्या विषयावर मौन धरले, त्याचे मौनही नावानिशी नोंदलेले असणे त्याच्याच हिताचे आहे.

मतभेद म्हणजे कलह, असाही एक समज आहे. २० जून २०२० रोजी कोरोनामुळे रेशीमबागेतील कविवर्य सुरेश भट सभागृहात भरलेल्या सभेतून तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे उठून गेले, हे दृश्य साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. कोणाची बाजू बरोबर होती यात मी शिरत नाही. परंतु त्या दिवसाची आठवण काढली की लोकांना कोण काय बोलले ते आठवते, कोणत्या विषयावर कोणी कोणते मत दिले ते कोणाला सांगता येत नाही. गदारोळ आणि एकमुखी मंजुरी ही मला एकाच रोगाची दोन लक्षणे वाटतात : दोहोंतही विषय मागे पडतो.

मत मात्र माणसाहून दीर्घायुषी असते. शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे मार्च २०१२ पासून २५ वर्षांच्या कराराने सोपविलेले आहे. म्हणजे तो निर्णय २०३७ पर्यंत चालावयाचा. ज्यांनी त्या वेळी हात वर केले वा केले नाहीत त्यांतील कित्येक आज सभागृहात नाहीत, आणि तेव्हा पाळण्यात असलेली मुले पाणीपट्टी भरू लागतील तेव्हाही तो करार चालूच असेल. त्या मुलांपैकी एखाद्याने उद्या विचारले की यावर कोण काय म्हणाले होते, तर त्याला दाखविण्यासारखे पान दफ्तरात असावे की नसावे?

तेव्हा माझी दरखास्त अशी आहे. मार्च २०२२ पासून प्रशासकांनी सभेच्या व स्थायी समितीच्या अधिकारात जे ठराव केले त्यांची खातेवार यादी सभेच्या पटलावर यावी. ते उलटविण्यासाठी नव्हे, निदान एकदा वाचले जाण्यासाठी. बेकायदेशीर ठराव विखंडित करण्याचा अधिकार महानगरपालिका कायद्याच्या कलम ४५१ अन्वये शासनाकडे आहेच. वाचण्याचा अधिकार मात्र आपला आहे. खर्चाच्या व जमिनीच्या प्रत्येक विषयावर, कोणी मागणी करो वा न करो, नावानिशी मत घ्यावे. ऐनवेळचे विषय खरोखर ऐनवेळचे असावेत. आणि निगम सचिवांनी इतिवृत्त सही होताच दहाही झोन कार्यालयांच्या फलकावर मराठीत लावावे, मोठ्या टंकात, कारण ते वाचण्याची सवड ज्यांना असते त्यांची नजर बहुधा माझ्यासारखी अधू झालेली असते.

सभा जनतेला खुली असते, असे कायदा सांगतो. पुढील सभेस मी येणार आहे. प्रेक्षकांच्या बाकावर विषयपत्रिकेच्या चार प्रती ठेवविल्या तर उपकार होतील. आणि सतरावा विषय पुकारल्यावर अध्यक्षांनी, मागच्या बाकांवरील कोणाचा चष्मा नाकावर बसेपर्यंत, क्षणभर थांबावे.



आपला,
महालातील एक करदाता