नशिबाची पाटी कुणी रंगवली?

दोस्तहो, नशीब नशीब म्हणून कपाळ बडवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. मी गोदीत पोती उचलतो. मॅट्रिक झालोय, कविता लिहितो. गोष्ट मात्र अमेरिकेतली सांगणार आहे, कारण ती आपल्या उपयोगाची आहे.

तिकडं सीबीएस टीव्हीवर ‘प्रेस युअर लक’ नावाचा खेळ चालायचा. समोर अठरा चौकोनांची मोठी पाटी. उजेड या चौकोनातून त्या चौकोनात उड्या मारायचा. खेळणाऱ्यानं बटण दाबायचं. उजेड पैशावर थांबला तर पैसे. ‘व्हॅमी’ नावाच्या लाल भुतावर थांबला तर होतं नव्हतं ते साफ. बघणाऱ्याला वाटायचं, सगळा दैवाचा कारभार.

ओहायोतला मायकेल लार्सन उन्हाळ्यात आइस्क्रीमची गाडी चालवायचा. हातात धड कामधंदा नाही. त्यानं घरी बसून तो खेळ व्हिडिओवर भरून घेतला आणि एकेक चित्र थांबवून बघितलं. कित्येक आठवडे. मग त्याला दिसलं, उजेडाच्या उड्या फक्त पाच तऱ्हेच्या आहेत. पुन्हा पुन्हा त्याच. चौथ्या आणि आठव्या चौकोनात व्हॅमी येतच नाही. आयला! यंत्र बनवणाऱ्यांनी आळस केला होता, आणि त्या आळसाला लोक नशीब म्हणत होते.

१९ मे १९८४ ला तो पाटीसमोर उभा राहिला. पहिलाच डाव व्हॅमीवर गेला. मग नजर बसली. बटण दाबतोय, दाबतोय, थांबायचं नाव नाही. एकूण १,१०,२३७ डॉलर! जूनमध्ये तो खेळ दोन भागांत दाखवावा लागला. साहेबलोक हादरले. ह्यानं फसवलं, म्हणून पैसे अडवायला निघाले. नियम चाळले. नीट बघणं हा गुन्हा, असं कुठल्याच नियमात नव्हतं. मुकाट पैसे मोजले.

आता माझा सवाल. लबाड कोण? ठरलेल्या उड्यांना नशीब म्हणून विकणारे, का डोळे उघडे ठेवणारा आइस्क्रीमवाला?

पण भाऊ, लार्सनचा झेंडा मी खांद्यावर घेणार नाही. त्यानं ओळखलेली खूण एकट्याच्या खिशात घातली. कंपनीनं उड्यांच्या तऱ्हा वाढवल्या, विषय संपला. पाटी तीच, मालक तेच. त्याच्या घरात ठेवलेल्या हजारो नोटा चोरांनी नेल्या. पुढं तो स्वतःच लोकांना फसवायच्या धंद्यात सापडला, पळाला, १९९९ साली मेला.

त्याला नावं ठेवायचा मला तरी काय अधिकार? आमचा मुकादम सकाळी रांगेतून माणसं मोजतो. पहिली बारा जहाजाच्या पोटात, खताच्या धुळीत. उरलेली शेडमध्ये, सावलीत. कधी पुढून मोजतो, कधी मागून. सगळे म्हणायचे, ज्याचं त्याचं नशीब. मी वहीत लिहीत गेलो. सोमवारी आणि गुरुवारी मागून, बाकी दिवस पुढून. साला, पाच तऱ्हासुद्धा नाहीत, दोनच! मी तसा उभा राहू लागलो. दोन महिने सावली खाल्ली.

आमच्या चाळीतले मामा तेव्हा रोज जहाजात उतरायचे. वर येऊन धूळ थुंकायचे. म्हणायचे, “आपलं नशीबच तसलं रे पोरा.” मी गप्प. वही माझ्या खिशात. एक दिवस मामांची कंबर गेली ती गेलीच. आता ते घरी पडून असतात. मी भेटायला जातो तेव्हा अजून माझ्याच हुशारीचं कौतुक करतात. ते ऐकवत नाही.

गेल्या महिन्यात ती वही मी सगळ्या टोळीसमोर वाचली. मुकादम म्हणाला, “लई शिकलास काय?” दुसऱ्या दिवसापासून त्यानं मोजायची तऱ्हा बदलली. बदलू दे. आता चाळीस डोळे त्याच्या बोटावर आहेत. आणि आमची मागणी साधी आहे. पाळी लावा. कागदावर लिहा. कागद भिंतीवर डकवा.

तुमच्याही खिशात असली एखादी वही असेल. गिरणीतली, कचेरीतली, कॉलेजातली. काढा बाहेर. मोठ्यानं वाचा. मी उशीर केला, तुम्ही करू नका.