डहाणू-तलासरीच्या भूकंपनोंदी : मध्येच खंड पडला तर काय होते?

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले आणि धुंदलवाडीचे नाव बातम्यांत आले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला, घाबरून घराबाहेर पळताना पडून एका चिमुरडीचा जीव गेला. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने या भागात भूकंपमापक बसवले.

अशा मालिकेत एकच मुख्य धक्का नसतो. ती वाढते आहे की ओसरते आहे, हे असंख्य बारीक नोंदींवरूनच ताडावे लागते. त्यामुळे ‘आज धक्का नाही’ आणि ‘आज नोंदच आली नाही’ यांत गल्लत झाली, तर शांतता नसतानाही ती दिसू लागते.

दूरच्या यंत्रातील माहितीची प्रत केंद्रातील सर्व्हरवर सतत उतरत राहते, यालाच रेप्लिकेशन म्हणतात. त्यासाठीचे ‘सबस्क्रिप्शन’ म्हणजे पैशांची वर्गणी नव्हे, ‘या क्रमांकापर्यंत मिळाले, पुढचे पाठवा’ अशी नोंदणी. जगभरची भूकंपकेंद्रे वापरतात ती सीडलिंक पद्धत याच तत्त्वावर चालते. मात्र पाठवणाऱ्याकडची रांग मर्यादित असते आणि नवे आले की जुने पुसले जाते. वीज किंवा नेटवर्क काही तास गेले तर रांग तुटत नाही. जास्त दिवस गेले, तर मागितलेला क्रमांकच शिल्लक नसतो. मग जे हाती आहे तिथून प्रवाह पुन्हा सुरू होतो, आणि मधला खड्डा तसाच राहतो.

कार्यालयीन डेटाबेस याबाबत कडक असतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये व्यवहारांच्या रेप्लिकेशनसाठी ही मुदत मूळ सेटिंगनुसार ७२ तास आहे. ती उलटली की सबस्क्रिप्शन निष्क्रिय होते आणि संपूर्ण प्रत नव्याने उतरवावी लागते. हा अडेलपणा त्रासाचा वाटतो, पण अर्धवट प्रतीपेक्षा बरा. एकच काळजी घ्यायची : जुन्या प्रतीत कुणी स्थानिक नोंदी केल्या असतील, तर त्या आधी बाजूला काढायच्या, नाहीतर नवी प्रत त्यांच्यावर बसते.

भूकंपमापकाच्या बाबतीत यंत्राच्या स्वतःच्या साठवणीतून हरवलेले तासच आणावे लागतात. कधी त्यासाठी गावापर्यंत जावे लागते. प्रत्येक नोंदीवर जीपीएसची अचूक वेळ असेल, तरच ती शेजारच्या स्थानकांशी जुळते. मग उगमस्थान आणि खोलीचे गणित पुन्हा मांडले जाते, आणि आधी जाहीर झालेला धक्क्यांचा आकडा बदलतो.