जप्ती मोजता, मग मृत्यू का नाही?



शहरात नशेच्या ‘बटन’ गोळ्या पकडल्या की किती स्ट्रिप, किती आरोपी, किती लाखांचा माल, हे दुसऱ्या दिवशी छापून येते. २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, किती विद्यार्थ्यांनी नशामुक्तीची शपथ घेतली, तेही येते. या गोळ्यांनी आणि कोडीनच्या सिरपने वर्षभरात जिल्ह्यात किती जीव गेले, हा आकडा मात्र मी कुठे वाचलेला नाही. पोलिसांच्या मेहनतीबद्दल शंका नाही. पण जप्ती वाढली ती पुरवठा आटतोय म्हणून की बाजारात माल वाढला म्हणून, हे जप्तीवरून कळत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे देशभरातले बळी २०२१ मध्ये ७३७ आणि २०२२ मध्ये ६८१ नोंदवले. याला यश म्हणायला मी तयार नाही. असा मृत्यू आधी ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंदला जातो, व्हिसेरा तपासणीसाठी राखून ठेवतात, अहवाल उशिरा येतो. तो आल्यावर मूळ नोंदीतले कारण दुरुस्त झाले नाही, तर तो माणूस या हिशेबात येतच नाही.

मोजायला सुरुवात कुठून करायची? आम्हा हर्सूलकरांच्या शेजारी मध्यवर्ती कारागृह आहे. आत नशा तुटते, शरीराची सवय मोडते. सुटल्यावर जुन्याच मात्रेत घेतली की श्वास थांबू शकतो. स्कॉटलंडने २०११ मध्ये सुटणाऱ्या कैद्यांना नॅलोक्सोन हे उताऱ्याचे औषध देण्याची योजना देशभर राबवली आणि मोजमाप आधीच ठरवले: अफूवर्गीय पदार्थांच्या बळींपैकी किती जण सुटकेनंतर चार आठवड्यांत गेले? २००६-१० मध्ये ते ९.८ टक्के होते, २०११-१३ मध्ये ६.३ टक्के झाले. तिथले एकूण बळी पुढे खूप वाढले, तेही त्यांनी लपवले नाही.

आपल्याकडे हे जमण्यासारखे आहे. कारागृहाकडे सुटकेच्या तारखा आहेत, महापालिकेकडे मृत्यूनोंदी आहेत, घाटी रुग्णालयात शवविच्छेदन होते. नावे गुप्त ठेवून या याद्या जुळवायच्या, एवढेच काम. मात्र पदार्थ वेगवेगळे मोजायला हवेत. नॅलोक्सोन कोडीन किंवा हेरॉइनवर चालते, ‘बटन’मधल्या नायट्राझेपामवर नाही. आणि एका जिल्ह्यातले मृत्यू थोडे असल्याने एका वर्षाच्या चढउतारावरून निष्कर्ष निघणार नाही. घाटीच्या अपघात विभागातून वाचून घरी गेलेलेही मोजावे लागतील.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अमली पदार्थविरोधी समन्वय समितीने पुढची मोहीम सुरू करण्याआधी मागच्या पाच वर्षांचे हे आकडे जाहीर करावेत. मोहीम संपल्यावर तुलना कशाशी करायची, ते तेव्हाच ठरेल.

— एक रहिवासी, हर्सूल, छत्रपती संभाजीनगर